आजीचं 'म्या', सरांचं 'मी' आणि वहीतली लाल वर्तुळं

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. मुलगा पाचवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीवर निबंध होता. त्यानं लिहिलं : "म्या आजीले पाणी देल्लं अन् आजीनं मले लाडू देल्ला." वही परत आली तेव्हा या एका वाक्यात पाच लाल वर्तुळं. म्या, आजीले, मले, देल्लं, देल्ला. खाली शुद्ध वाक्य : "मी आजीला पाणी दिले आणि आजीने मला लाडू दिला."

पोरगं रडलं नाही. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून त्यानं मलाच विचारलं, "बाबा, लाडू आजीनं देल्ला तर आजीले 'नं' लागला. पाणी म्या देल्लं, मंग सरांच्या 'मी'ले काऊन काही नाही लागलं? आजीच्या 'म्या'ले तरी काहीतरी लागल्यावाणी वाटते."

मी शेतकी पदवीधर. मातीचा सामू विचारा, सांगतो. याचं उत्तर देता आलं नाही. रात्री जेवताना त्यानं दुसरा प्रश्न विचारला : "आजी चुकीचं बोलते का?" आजी समोरच बसली होती. ती काही बोलली नाही, पण घास हातातच राहिला तिचा.

म्हणून विचारतो. हा 'ने' भूतकाळातच का येतो? 'मी' आणि 'तू'ला का लागत नाही? 'ला' आणि 'ले' वेगळे आहेत का? आणि पोराला काय सांगू?

मोर्शीकर
माझ्या आईची आई 'म्या'च्या जोडीला 'त्वा'पण म्हणायची. "त्वा खाल्लं का रे?" ती गेल्यापासून आमच्या घरात 'त्वा' ऐकू आलं नाही. पोराला आजच सांगून टाका, आजी बरोबर आहे. कारण इथले जाणकार सांगतील.

तूरडाळ
'आजीनं'ला वर्तुळ नाही हे पाहून बरं वाटलं. म्हणजे पाचात सहावं वाचलं.

खडूफळा
पऱ्हाटी भाऊ, मी तेहतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो. इतका नेमका प्रश्न मला वर्गात कोणी विचारला नाही. सावकाश उत्तर देतो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. वाक्यात कोण काय काम करतो, ते कारक. ते काम दाखवायला शब्दाला जे शेपूट लागतं, ती विभक्ती. शाळेत आपण "प्रथमा म्हणजे कर्ता, द्वितीया म्हणजे कर्म" असं पाठ करून घेतो आणि तिथंच घोटाळा होतो. कर्त्याला प्रथमा असं पाणिनीनं म्हटलेलं नाही. त्याचं सूत्र आहे, 'कर्तृकरणयोस्तृतीया'. कर्ता आणि साधन दोघांनाही तृतीया. "आजीनं विळ्यानं भाजी चिरली" यात आजीलाही 'नं' आणि विळ्यालाही 'नं', तरी विळा कोण आणि आजी कोण हे कोणाला विचारावं लागत नाही.

त्याआधी पाणिनीनं एक अट घातली आहे, 'अनभिहिते'. जे काम क्रियापदानं आधीच सांगितलं, त्याला पुन्हा शेपूट लावायचं नाही. हे मराठीत तपासून पाहा :

"आजी भाकरी खाते." क्रियापद आजीकडे पाहतं. आजीला शेपूट नाही.
"आजीनं भाकरी खाल्ली." क्रियापद भाकरीकडे पाहतं (भाकरी खाल्ली, लाडू खाल्ला, पोहे खाल्ले). भाकरीला शेपूट नाही, आजीला आहे.
"आजीनं गाईला बांधलं." दोघींना शेपूट. क्रियापदाला पाहायला कोणी उरलं नाही, म्हणून ते नपुंसकलिंगी एकवचनात उभं राहतं.

कर्तरी, कर्मणी, भावे म्हणतात ते हेच. आता सरांचं वाक्य घ्या : "मी पाणी दिले." क्रियापद पाण्याकडे पाहतंय, म्हणजे 'मी'ला शेपूट हवं. ते नाही. तुमच्या मुलानं बोट ठेवलं ते बरोबर याच जागी. प्रमाण मराठीत ही फट आहे आणि आजीच्या 'म्या'त ती नाही. 'म्या' ही 'मी'ची तृतीया आहे. शाळेच्या बऱ्याच व्याकरण-पुस्तकांत विभक्तीच्या तक्त्यात तृतीयेच्या रकान्यात 'मी, म्या' आणि 'तू, त्वा' असं छापलेलं सापडेल. आम्ही ते पाठ करून घेतलं, पण तो शब्द गावात जिवंत आहे हे मुलांना सांगितलं नाही.

भूतकाळातच का? संस्कृतात "मी पाणी दिलं" हे सांगायला लोक पुढं पुढं "मया जलं दत्तम्" म्हणू लागले. शब्दशः, माझ्याकडून पाणी दिलं गेलं. 'दत्तम्' पाण्याकडे पाहतं, 'मया' तृतीयेत. मराठीचा भूतकाळ या 'दत्त, कृत, गत' अशा रूपांतून वाढला, वर्तमानकाळ वाढला नाही. म्हणून 'आजी देते', पण 'आजीनं दिलं'. आणि त्या 'मया'च्या ओळीतलंच आपलं जुनं 'म्यां'.

मोर्शीकर
खडूफळा सर, अंगावर काटा आला. आमच्या तालुक्यातच रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र तिथं सिद्ध केलं. त्या गद्यातही 'म्यां' आहे, ज्ञानेश्वरीतही आहे. जो शब्द तिथं वाचताना आपण हात जोडतो, तोच पाचवीच्या वहीत आला की चूक?

वैनगंगा
'ले'बद्दल. मी गोंदिया जिल्ह्यातली. आमच्या पश्चिमेला वऱ्हाडापर्यंत सगळं 'मले, तुले'. पूर्वेला हद्द ओलांडून छत्तीसगडात गेलं की 'मोला, तोला'. म्हणजे पुण्यात 'ला', रायपुरात 'ला' आणि मधल्या आपल्या पट्ट्यात 'ले'. माझी छत्तीसगडची जाऊ म्हणते, "मोला भूख लागे हे." मी म्हणते, "मले भूक लागली." चुलीपाशी दोघी बसलो की कोणाचं कोणाला अडत नाही.

दालमिल
आमचं घर मारवाडी, चार पिढ्या खामगावात. घरात 'ने' म्हणजे तुमचा 'ला'. "थाने कांई चाइजे?" म्हणजे तुम्हाला काय पाहिजे. "रामने बुलाओ" म्हणजे रामाला बोलवा. लहानपणी शाळेतून आलो आणि आजीला सांगितलं, "रामाने मारलं." तिनं रामच्या आईकडे जाऊन माफी मागितली, तिला वाटलं मीच रामला मारलं. त्या दिवशी मार मी खाल्ला होता.

तूरडाळ
एका 'ने'पायी आरोपी आणि फिर्यादी बदलले.

रानपाखरू
याच्या उलटी गोष्ट माझ्याकडे आहे. अमरावतीला वसतिगृहात होतो तेव्हा रात्रीचे चौकीदार नेपाळचे होते. ते म्हणायचे, "रामले भात खायो." आम्हा वऱ्हाडी पोरांना वाटायचं, रामाले भात वाढायचा आहे. खरा अर्थ : रामानं भात खाल्ला. नेपाळीत 'ले' कर्त्याला लागतो. 'मैले' म्हणजे 'म्या'. आणि 'मला'ला ते 'मलाई' म्हणतात.

दालमिल भाऊंचा 'ने' कर्माला, आपला कर्त्याला. आपला 'ले' कर्माला, नेपाळीचा कर्त्याला. तेव्हापासून मला पटलंय की प्रत्ययाच्या आवाजात अर्थ नसतो. अख्ख्या भाषेनं त्याला कुठल्या कामाला जुंपलंय, त्यात असतो.

ताडोबा शेजारी
माझा मुद्दा थोडा वेगळा आहे, पण कर्त्याकर्माचाच आहे. आमच्याकडे वाघाची ये-जा असते. "वाघानं गाय मारली" म्हटलं की गाय गेली. "मालकानं गाईले मारलं" म्हटलं की काठी बसली, गाय गोठ्यात उभी आहे. शब्द तोच, 'ले' आला आणि जीव वाचला. माझी गाय गेली तेव्हा शहरातून आलेल्या एका लिहिणाऱ्या माणसानं जबाबात "वाघाने गाईला मारले" लिहिलं. बापानं तिथंच थांबवलं. "साहेब, मारले नाही, मारली लिहा." बाप चौथी शिकलेला. व्याकरणाचं नाव घेता आलं नाही त्याला, पण एका अक्षरानं गाय जिवंत होते हे कळलं.

वर्ध्याची भाषावेडी
ताडोबा शेजारी, हे तुम्ही फार मोलाचं लिहिलंत. मी नागपुरात भाषाविज्ञान शिकते, गाव वर्ध्याजवळ.

कर्माला प्रत्यय लावायचा की नाही हे बऱ्याच भाषा कर्म कोण आहे ते पाहून ठरवतात. आपल्याकडचं सगळ्यांना कळेल असं उदाहरण देते. "पावणे मुलगी पाहायला आले" आणि "पावणे मुलीला पाहायला आले." पहिल्यात चहा-पोह्यांचा कार्यक्रम आहे, दुसऱ्यात मुलगी दवाखान्यात असेल. पहिल्यात 'मुलगी' ही अजून कोणी एक ठरावीक व्यक्ती नाही, स्थळ आहे. 'ला' लागला की ती माणूस होते, तिला नाव येतं. वेचणीच्या दिवसांत बाबा म्हणतात, "दोन बाया पाहा." म्हणजे शोधा. "त्या बाईले पाहा" म्हणजे तिच्याकडे लक्ष द्या.

तुर्की भाषेत हीच गोष्ट पुस्तकाबाबतसुद्धा होते. 'किताप ओकुदुम' म्हणजे पुस्तक वाचलं, कुठलं का असेना. 'किताबी ओकुदुम' म्हणजे ते ठरावीक पुस्तक वाचलं. स्पॅनिशमध्ये घर पाहिलं तर काही लागत नाही, मारियाला पाहिलं तर आधी 'आ' लावावा लागतो. इंग्रजीनं नामाची ही शेपटं टाकून दिली, फक्त 'ही-हिम', 'शी-हर' अशा सर्वनामांत उरली. म्हणून तिथं वाघ आणि गाय यांच्या जागा बदलल्या की शिकार उलटी होते. आपल्याकडे "गाय वाघानं मारली" म्हटलं तरी गायच मेलेली असते.

आता पऱ्हाटी दादांच्या मुलाचा प्रश्न, 'मी'ला का नाही? सरांनी इतिहास सांगितला. पण प्रमाण मराठीत 'म्यां' मागे पडलं आणि 'त्यानं' टिकलं, यालाही कारण दिसतं. मायकल सिल्व्हरस्टीन या अभ्यासकानं १९७६ मध्ये मांडलं की जगभरच्या भाषांत एक उतरंड दिसते. वर 'मी' आणि 'तू', मग 'तो-ती', मग माणसं, जनावरं, वस्तू. 'मी-तू' बोलणाऱ्यांच्या मधोमध असतात. ते काहीतरी करणार हे गृहीतच असतं, म्हणून कर्ता असल्याची खूण त्यांना कमी लागते. खालच्यांनी काही केलं तर सांगावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या ज्यिरबल भाषेत नामांना कर्त्याचा प्रत्यय लागतो, 'मी-तू'ला नाही. तिकडची ज्यिरबल आणि आपली मराठी, एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या, आणि रेघ दोघींनी एकाच जागी ओढली.

पण आजीनं ती रेघ ओढली नाही. मला त्याचीच उत्सुकता आहे. दादा, एक काम कराल? आठवडाभर आजी 'म्या' कुठं म्हणते आणि 'मी' कुठं, एवढंच लिहून ठेवा. आजीला सांगू नका, नाहीतर ती सावध बोलेल. "म्या गेली" असं कधी म्हणते का, हे खास ऐका. म्हणत नसेल तर तिच्या डोक्यात नियम पक्का आहे.

नदीकाठ
सगळं वाचलं. पण शाळेची बाजू कोणीच घेत नाही म्हणून लिहितो. उद्या हाच पोरगा स्पर्धा परीक्षेला बसेल. तिथं 'म्या' लिहिलं तर गुण जाणार. सरांनी वर्तुळ केलं ते त्याच्या भल्यासाठीच.

सातपुडा पायथा
नदीकाठ, प्रमाण रूप शिकवायलाच पाहिजे, यात दुमत नाही. मी धारणीकडे प्राथमिक शिक्षिका आहे. वर्गातली अर्धी मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकूत भूतकाळातही कर्त्याला 'ने'सारखं काही लागत नाही, कर्माला लागतं. म्हणून मुलं मराठीत लिहितात, "पोरगा भाकर खाल्ला." पहिल्या वर्षी मीही लाल पेन चालवलं. नंतर एका मुलीला विचारलं, तुमच्यात हे कसं म्हणतात? तिनं सांगितलं, मी फळ्यावर लिहिलं, शेजारी मराठी लिहिलं. "तुमच्यात इथं काही नाही, मराठीत इथं 'ने' बसतो." पुढच्या आठवड्यात तिच्या वहीत 'ने' जागेवर होता. चूक म्हणून सांगितलेलं मूल विसरतं. दोन भाषांतला फरक म्हणून सांगितलेलं लक्षात ठेवतं.

एटापल्लीवाला
गोंडीतही तसंच, ताई. 'नन्ना' म्हणजे मी. भूतकाळ असो की वर्तमान, क्रियापद करणाऱ्याकडेच पाहतं, खाल्लेल्या वस्तूकडे नाही. मराठी शिकताना मला सगळ्यात जड गेलं ते हेच. खाल्लं मी, आणि 'खाल्ली' का म्हणायचं, तर भाकर बाई आहे म्हणून. मला वाटायचं, यात भाकरीचा काय संबंध?

तूरडाळ
विदर्भात भाकरीचा संबंध सगळीकडेच येतो भाऊ.

खडूफळा
नदीकाठ यांचं म्हणणं मी टाकून देत नाही. मीही तसं लाल पेन वर्षानुवर्षं चालवलं. आज वाटतं, शेजारी कंसात 'लिहिताना : मी' एवढं लिहिलं असतं तर पुरलं असतं. ज्या मुलांना वर्तुळं केली, त्यांच्या घरच्या आज्यांना मी न भेटताच चूक ठरवलं. त्याचं वाईट वाटतं.

एक दुरुस्तीही करतो. 'ने' फक्त भूतकाळात येतो असं माझ्या उत्तरावरून वाटेल. "त्यानं आता घरी जावं" यात भूतकाळ नाही आणि 'जाणे' अकर्मक आहे, तरी 'नं' आहे. हा 'आवा'सुद्धा त्याच जुन्या कर्मणी घराण्यातला.

दगडी जातं
'मले' कर्ता असतो तेही सांगा ना कोणी. मले भूक लागली, मले भेव वाटते, मले समजलं, मले पोहता येते. इथं मीच तर सगळं करतो.

वर्ध्याची भाषावेडी
करता कुठं? भूक तुमच्यावर येते, भीती तुम्हाला गाठते. जे आपण ठरवून करत नाही, जे आपल्यापाशी येतं, तिथं मराठी माणसाला 'ला' देते. जर्मनही थंडी वाजली की "मिर इस्ट काल्ट" म्हणतो, म्हणजे 'मला थंड आहे'. तुम्ही ठरवून खाता तेव्हा 'म्या खाल्लं', आणि भूक लागते तेव्हा 'मले'.

नदीकाठ
हे मान्य. आणि सातपुडा ताईंचा फळाही मान्य. माझ्या भाच्याला तसंच समजावून बघतो.

पऱ्हाटी
आठ दिवसांनी आलो, तुरीची फवारणी सुरू होती. सगळ्यांचं वाचलं, पोरालाही वाचून दाखवलं. वही त्यानंच ठेवली. पान दोन भागांत, डावीकडे 'मी', उजवीकडे 'म्या'. जसं आहे तसं लिहितो.

मी : वावरात गेली. मी पडली. मी हासली. मी जेवली. मी चहा पेली. मी इसरली. मी लुगडं नेसली.

म्या : भाकरी केल्या. म्या चहा केला. म्या पायलं (पाहिलं). म्या त्याले सांगतलं. म्या वाती केल्या. म्या म्हतलं.

"म्या गेली" एकदाही नाही. वर्तमानकाळात "म्या करतो" असंही एकदा नाही. पोराला एकच शंका आहे. चहा पिणं आणि लुगडं नेसणं यात कर्म आहे, मग तिथं 'मी' कसं? आजी चुकली का?

खडूफळा
नाही चुकली! प्रमाण मराठीतही "तो चहा प्याला", "ती लुगडं नेसली", "तो धडा विसरला", "ती जेवली" असंच म्हणतो, "त्यानं चहा प्याला" म्हणत नाही. ही मोजकी क्रियापदं सकर्मक असून कर्त्याकडेच पाहतात. अभ्यास करूनही माणसं इथं अडखळतात. आजी अडखळली नाही.

आणि 'म्हतलं' बघा. प्रमाणात दोन रूपं आहेत, 'तो म्हणाला' आणि 'त्यानं म्हटलं'. 'म्हणाला'ला 'नं' नाही, 'म्हटलं'ला आहे. आजीनं 'म्हतलं' निवडलं आणि 'म्या' लावलं. तेरा नोंदींत एकही चूक नाही.

वर्ध्याची भाषावेडी
दादा, ही वही जपून ठेवा. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. तुमच्या मुलानं एकट्यानं आठ दिवसांत जे टिपलं, ते त्याच जातीचं काम आहे. फक्त हे आजीशेजारी बसून केलेलं.

मोर्शीकर
वहीत तिसरा रकाना पाडा, 'त्वा'चा. आजीच्या तोंडून आलं तर इथं जरूर कळवा. मी वाट पाहतो.

पऱ्हाटी
पोरानं सरांना वही दाखवली. सरांनी ती मधल्या सुट्टीत बसून पूर्ण वाचली आणि घरी न्यायला मागितली. पोरानं दिली नाही, म्हणाला रकाना अजून भरायचा आहे. सर म्हणाले, भरला की आण.

आजीला पोरानं सगळं सांगून टाकलंय. दोन दिवस ती जपून बोलली, आता पुन्हा पहिल्यासारखी.

मोर्शीकर भाऊ, आत्ता दिवेलागणीला अंगणातून हाक आली. पोरगं वही शोधत आत पळालं. "का रे, त्वा दिवा लावला का?"